छुट्टीची घंटी

आमच्या गल्लीत दत्ताराम ड्रायव्हर यांच्या घरी ज्यांना जावयाचे असेल, त्यांनी दारावरची घंटी एकदाच वाजवावी. एकदा वाजवली, तर दत्ताराम, म्हणजे आमचे नाना, हातातले काम ठेवून पुढे येतात व दार उघडतात. दोनदा वाजवली, तर ते घरात जेथे असतील तेथेच थांबतात. घास हातात असेल तर तो हातातच राहतो. आणि तीनदा वाजवली, तर अगदी दारापर्यंत आलेले नाना पाठ न वळवता, उलट्या पावलांनी, थेट मागच्या पडवीपर्यंत जातात.

कुरियरवाले मुळातच घाईचे. ते एकदा वाजवून थांबत नाहीत. एकाने तर नानांचे औषधांचे पाकीट दोन वेळा 'घरी कोणी नाही' असा शेरा मारून परत नेले. तिसऱ्या खेपेस तो माझ्याकडे आला व हळूच म्हणाला, "काका, समोरचे आजोबा बरे आहेत ना? मला बघून मागं मागं जातात."

तेव्हा मी माझ्या हस्ताक्षरात एक फलक लिहून नानांच्या दारावर लावून दिला : 'येणाऱ्या इसमांनी घंटी एकवारच वाजवावी. अधिक वाजविल्यास होणाऱ्या विलंबास गृहस्वामी जबाबदार राहणार नाहीत. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा, हे आजवर कोणीही विचारलेले नाही. लेखी मजकुराचा प्रभाव असा असतो.

मी हे अधिकाराने सांगतो, कारण पनवेलात कचेरीबाहेर टेबल टाकून मी सत्तावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझे अर्ज वाचून अनेक पदवीधर साहेबांनी 'हे कोणी लिहिले?' असे विचारल्याचे मला ठाऊक आहे. लोक मला रायटरसाहेब म्हणतात. नाना नुसतेच 'रायटर' म्हणतात. त्यांना ते शोभते. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत.

आता घंटीचा खुलासा करणे भाग आहे. नानांनी उभी हयात प्रवासी लाँचवर इंजिन चालवण्यात घालवली. पूर्वीच्या लाकडी लाँचवर सुकाणू धरणारा सारंग वर असे आणि इंजिनाचा ड्रायव्हर खाली, पोटात. ड्रायव्हरला समुद्र दिसत नसे, धक्का दिसत नसे, आभाळ तर नाहीच. सारंग वरून दोरी ओढी, खाली पितळी घंटी वाजे, आणि ड्रायव्हरने त्याप्रमाणे दांडा फिरवायचा. एक घंटी म्हणजे पुढे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मागे. आणि दिवसाची शेवटची फेरी संपून लाँच बांधली, की सारंग घंटी लांबलचक खणखणवी. ती छुट्टीची घंटी. ती वाजल्याखेरीज ड्रायव्हरने इंजिन सोडून वर यायचे नाही, असा दंडक होता.

"पस्तीस वर्सं समुद्रात काढली, पन समुद्र बघला किती?" नाना सांगतात. "तिकीट काढून चौपाटीला गेलो तवा."

त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, यावर एकच शेरा मारतात. "मी हाका मारून मारून घसा बसवला, तर ओ देत नाय. ताटावर चमचा वाजवला का लगेच उठून येतो. लग्न मी केलाय का घंटीनं, तेच कलत नाय."

नानांच्या दारावरची मूळ घंटी तीच, लाँचवरची. लाँच भंगारात निघाली तेव्हा त्यांनी ती मागून आणली. आणि अंगणात मोटरबोट आली तेव्हा पहिल्यांदा त्यांनी दारावर दुसरी, साधी घंटी लावून पितळी घंटी उतरवली.

ही बोट कशी आली, ते ऐकण्यासारखे आहे. दोन वर्षांपूर्वी, दसरा होऊन गेल्यावर, नाना धुतलेला सदरा घालून सकाळीच आपट्याला गेले. तेथे पाताळगंगेच्या काठी उस्मानभाई सारंग राहतात. उस्मानभाई वर आणि नाना खाली, अशी सव्वीस वर्षे दोघांनी एका लाँचवर काढली होती. पुढे दोघांत बोलणे बंद झाले, त्यालाही आता बरीच वर्षे होऊन गेली. नाना त्या दिवशी त्यांची माफी मागायला गेले होते. वहिनींनी बरोबर करंज्यांचा डबा दिला होता.

दुपारी ते एका टेम्पोतून परतले. टेम्पोवर बावीस फुटांची फायबरची बोट होती. डबा तसाच, भरलेला होता.

"माफी मागितलीत?" मी विचारले.

"त्याच्या आळीच्या तोंडापर्यंत गेलो, रायटर. पुढं पाय उचलंना. तिथं एका बंगल्यात ही पडली होती, जांभलीखाली. पोटात पाला, वर कोंबडी बसलेली. बंगलेवाला बोलला, उचलून न्या, आवार मोकला हुईल."

माणूस माफी मागायला गेला आणि मोटरबोट घेऊन आला. वहिनी दारात कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. "गुलाबजाम आणायला पाठवला असता तर आगबोट आणली असती," असे म्हणून त्या आत गेल्या.

परंतु नानांच्या मनात हिशेब स्पष्ट होता. बोट दुरुस्त करायची, इंजिन सुरू करायचे, आणि मग उस्मानला सुकाणूवर बसायला बोलवायचे. "माफी मागाया तोंड लागतं," ते म्हणाले. "ते माज्याकडं नाय. इंजिन हाय."

बोटीची अवस्था शोचनीय होती. नानांनी स्वयंपाकघरातला मोठा डाव घेतला आणि तिच्या अंगावर टकटक करीत, कान लावून, ते बोटीभोवती तीन दिवस फिरले. जेथे आवाज खणखणीत तेथे अंग शाबूत. जेथे बद्द, तेथे आत पाणी मुरलेले. त्या प्रत्येक जागी त्यांनी खडूने फुली मारली. चौथ्या दिवशी बोट फुल्यांनी अशी भरली, की मी त्यांना म्हणालो, "नाना, जेथे बोट चांगली आहे तेथेच फुली मारली असती तर खडू वाचला असता."

मग ग्राइंडर सुरू झाला. फायबरची भुकटी गल्लीभर उडाली आणि आम्हा सर्वांस खाज सुटली. मी त्या आठवड्यात एका गृहस्थाचा वारसाचा अर्ज एका हाताने लिहिला आणि दुसऱ्या हाताने पाठ खाजवली. गल्लीतल्या लोकांनी माझ्याकडे येऊन नानांविरुद्ध तक्रार अर्ज लिहून मागितला. मी म्हणालो, मी स्वतः बाधित असल्याने मला हे प्रकरण हाताळता येणार नाही. खरे कारण वेगळे होते. ते पुढे येईल.

काचेच्या धाग्याची चटई कापायची, रेझिनमध्ये हार्डनर घालून घोटायचे आणि ब्रशाने थरावर थर द्यायचे, असे ते काम. हार्डनर थेंबांनी मोजावा लागतो. नाना आयुष्यभर तेलाच्या बुधल्यांशी वागलेले. त्यांनी तो पळीने घातला. मिश्रण घोटायला घेतलेला वहिनींचा श्रीखंडाचा डबा पाहता पाहता तापला, धुरावला आणि ओट्यावर बसका झाला. तेव्हापासून स्वयंपाकघरातील एकही भांडे अंगणात नेण्यास नानांना मनाई आहे. पावसाळ्यात रेझिन सुकत नाही, म्हणून चार महिने काम बंद. त्या काळात ते ओटीवर बसून इंजिन उघडीत. अडकलेल्या पिस्टनवर डिझेल ओतून ठेवायचे, रोज सकाळी चाकाला हात लावून पाहायचा, आणि 'आज नाय' म्हणून दात घासायला जायचे. त्रेपन्नाव्या दिवशी चाक बोटभर हलले. नानांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मुलगा दहावी पास झाला तेव्हा त्यांनी साखर वाटली होती, असे वहिनींनी नमूद केले.

तो मुलगा, प्रकाश, आता खांदा कॉलनीत राहतो व रविवारी येतो. मोठा व्यवहारी मुलगा. तो म्हणाला, "नाना, हल्ली सुकाणूशेजारीच एक लिव्हर असतो. पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे. एकटा माणूस चालवतो. मी मागवून देतो."

"नको."

"मग पुढे-मागे कोण करणार?"

"मी. खाली बसून."

"आणि तुम्हाला सांगणार कोण?"

"सारंग. घंटी मारून."

प्रकाश माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही तरी समजवा. बावीस फुटांची बोट. सारंग आणि ड्रायव्हर यांच्यात सहा फूट अंतर. तोंडाने सांगेल ना!"

"तोंडाचं काय खरं हाय?" नाना म्हणाले, आणि पितळी घंटी बसवायला लागले.

मी त्यांच्या हाती पाना दिला. कारण तोंडाचे आणि कागदाचे काय खरे असते, हे त्या अंगणात माझ्याइतके कोणासही ठाऊक नव्हते.

अठरा वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या एका धक्क्याला त्यांची लाँच भरतीच्या पाण्यात वेगाने येऊन आदळली. पुढच्या दोन फळ्या फुटल्या आणि नाळेपाशी, लाँचच्या पुढच्या टोकाला, उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीचा हात मोडला. प्रश्न एवढाच होता, की घंटी किती वाजली. उस्मानभाई म्हणाले, मी तीन दिल्या. म्हणजे इंजिन मागे घ्यायला हवे होते. इंजिन तर नुसते थांबलेले होते. म्हणजे खाली दोनच ऐकू आल्या. तीन वाजल्या असतील तर चूक ड्रायव्हरची. दोन वाजल्या असतील तर सारंगाची. लाँचमालकाने दोघांकडे लेखी जबाब मागितला.

नाना माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी सांगितले ते मला शब्दशः आठवते. "लिवा, मला दोन आयकू आल्या. त्यानं तीन मारल्या असतील, नसतील, खाली कसा कलनार?"

असा जबाब दिला असता तर त्यांची नोकरी गेली असती. 'असतील, नसतील' हे शब्द अर्जात शोभत नाहीत. मी तेव्हा तरुण होतो आणि माझ्या लेखणीवर माझा फार विश्वास होता. मी लिहिले : 'सारंगाने दोनच घंट्या दिल्या, हे मी शपथपूर्वक व पूर्ण जबाबदारीने नमूद करितो.' नानांनी न वाचता सही केली. उस्मानभाईंनी काही लिहून दिलेच नाही. जे झाले ते तोंडाने सांगितले. लेखी मजकुरापुढे तोंडी सांगणे टिकले नाही. उस्मानभाईंना लाँचवरून उतरवण्यात आले. मला त्या जबाबाचा पुष्कळ दिवस अभिमान होता.

पुढे काही वर्षांनी नानांचे कान दुखू लागले. डॉक्टरने तपासून सांगितले, की डावा कान इंजिनाच्या आवाजाने कधीच गेलेला आहे. पंधरावीस वर्षे झाली असतील. लाँचवर घंटी नानांच्या डाव्या हाताला होती. दवाखान्यातून ते थेट माझ्या टेबलाशी आले, बाकावर बसले व म्हणाले, "रायटर, तीन वाजल्या व्हत्या."

मी म्हणालो, "नाना, तो मजकूर माझा होता."

"मजकूर तुमचा व्हता. पन हापिसात सगल्यांसमोर वाचला तवा मी तिथं उभा व्हतो. उस्मान माज्याकडं बघत व्हता. मी गप ऱ्हायलो. ते तुमच्या कागदात नव्हतं."

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. अपघाताच्या दिवशी गोंधळात छुट्टीची घंटी कोणी वाजवलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून सारंग बदलला. नव्या सारंगाने वाजवली, परंतु ती नानांनी हिशेबात धरली नाही. म्हणजे त्यांच्या मते ते अद्याप कामावरच आहेत. हे कळल्यावर मी त्यांच्या उलट्या पावलांस पुन्हा हसलो नाही.

गेल्या माघात बोट पुरी झाली. पांढरा रंग, निळी पट्टी, लाकडी टेकूंवर अंगणात उभी. नावाच्या जागी काही लिहिले नव्हते. मी तीन नावे सुचवली होती, तिन्ही संस्कृत. "सारंग ठरवंल," एवढेच नाना म्हणाले. बोटीत उतरून पाहिले तेव्हा मला दिसले, की घंटी इंजिनाच्या उजव्या हाताला बसवली आहे.

त्याच संध्याकाळी ते कागद घेऊन आले. "उस्मानला चिठ्ठी लिवा."

मी चष्मा पुसला. "सविनय..."

"नाय." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात ग्रीसने माखलेला होता. "मी सांगतो तेवढाच लिवा. एक शब्द वाढवू नका."

मी लिहिले : 'उस्मान, तीन वाजल्या होत्या. बोट तयार आहे. दत्ताराम.' सत्तावीस वर्षांत इतका छोटा मजकूर मी लिहिला नव्हता. त्यात एकही विशेषण नव्हते. लिहून झाल्यावर मला घाम आला.

चिठ्ठी मी स्वतः आपट्याला नेली. पोस्टावर सोडणे मला योग्य वाटले नाही. उस्मानभाई ओटीवर जाळीचे भोक शिवत होते. ऐंशीच्या घरातले, दाढी पांढरी, गुडघ्यावर पट्टा. त्यांनी चिठ्ठी लांब धरून वाचली, मग माझ्याकडे पाहिले.

"ही तुमी लिवली?"

"हो."

"आनि ती?"

मी मान खाली घातली. "तीही मीच."

"ठाव हाय मला. दत्त्याच्या तोंडात 'शपथपूर्वक' कधी आला असता काय? जीब तुटली असती त्याची." त्यांनी दात लावून दोरा तोडला. "कागदाचा मला काय नाय वाटला, मियाँ. मी वाट बघली. आज येल, उद्या येल. आपटा काय लंडनला हाय?"

"ते आले होते," मी म्हणालो. "आळीच्या तोंडापर्यंत. दोन वर्षांपूर्वी. करंज्या घेऊन."

उस्मानभाईंनी जाळी खाली ठेवली. मग त्यांनी विचारले, "करंज्या कुठं गेल्या?"

रविवारी सकाळी ते रिक्षातून आले. नाना अंगणात उभे होते, धुतलेला सदरा घालून, हाताची घडी घालून. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. उस्मानभाई काठीने बोटीचे अंग ठोकत एक फेरी मारून आले आणि मला म्हणाले, "त्याला सांगा, रंग बरा हाय."

नाना दोन हातांवर होते. तेही मलाच म्हणाले, "सारंगाला सांगा, स्टूल ठेवलाय. वर चढा म्हनावं."

"त्याला सांगा, मला स्टूल लागत नाय."

अर्थात लागले. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने प्रकाश, असे करून आम्ही त्यांना सुकाणूपाशी बसवले. त्यांनी घंटीची दोरी हातात घेऊन चाचपली. "दोरी ढिली हाय. त्याला सांगा, अक्कल अजून आली नाय."

नाना खाली उतरले. बोटीच्या मागे वहिनी पाण्याची नळी धरून उभ्या राहिल्या, कारण बोटीखालच्या पंख्याचा दांडा कोरडा फिरला तर जळतो. इंजिन खोकले, काळा धूर टाकला, आणि सुरू झाले. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

एक घंटी. पंखा पुढच्या बाजूला फिरू लागला. दोन घंट्या. थांबला. मग वर काही हालचाल झाली नाही. उस्मानभाई दोरी धरून समोर बघत होते. समोर आमच्या घराची भिंत होती. परंतु ते भिंतीकडे बघत नव्हते.

त्यांनी दोरी ओढली. मी बोटांवर मोजले. एक. दोन. तीन.

खाली दांडा खाडकन मागे पडला. पंखा उलटा फिरला आणि वहिनींच्या नळीचे सारे पाणी उडून माझ्या इस्त्रीच्या शर्टावर आले. उस्मानभाईंनी ते तसेच चालू दिले. धक्क्याला लागणारी लाँच थांबवायला जेवढा वेळ लागतो त्याहून कितीतरी अधिक. मग त्यांनी दोन वाजवल्या, आणि इंजिन बंद झाले.

अंगण शांत झाले. नाना खालून वर आले नाहीत. मी वाकून पाहिले. ते इंजिनापाशी उकिडवे बसले होते, उजवा कान घंटीकडे करून. काय हवे आहे ते आम्हा सर्वांना ठाऊक होते.

उस्मानभाईंनी दोरी गोळा केली, आकड्याला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. "छुट्टी नाय," ते मोठ्याने म्हणाले. या वेळी मला नव्हे. "बोट खाडीत नाय उतरली आनि छुट्टी कसली मागतोस, दत्त्या? पाऊस सुरू व्हायच्या अगोदर उतरवू. तवा बघू."

उस्मानभाई आमचा हात धरून उतरले, काठी टेकत फाटकाकडे निघाले. वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी चहा टाकला होता. परंतु फाटकापर्यंत न जाता ते घराच्या दाराशी थांबले. माझा फलक त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, 'हुकुमावरून' सकट. माझ्याकडे एकदा बघितले. मग हात वर करून दारावरची घंटी वाजवली.

एकदाच.

बोटीत खडबड झाली. नाना वर आले, स्टुलाकडे न बघता खाली उतरले आणि तेलकट हातांनी तसेच अंगण ओलांडून दाराशी जाऊन उभे राहिले. उस्मानभाई पायरीवर बसले होते. त्यांनी काठी बाजूला घेऊन जागा केली.

मला त्या प्रसंगी पुष्कळ काही बोलावेसे वाटत होते. वाक्येही तयार होती. परंतु मी एक शब्दही वाढवला नाही. वहिनींनी चहा आणला, आणि सोबत करंज्या.